आपल्याही जिभेचा जाब

जून २०२५ मध्ये सांगलीतील एका सभेत जतचे आमदार श्री. गोपीचंद पडळकर यांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना मारहाण करणाऱ्यांस लाखो रुपयांची बक्षिसे देण्याची भाषा केली. राज्यभरातील ख्रिस्ती समाज अस्वस्थ झाला. जुलैत मुंबईच्या आझाद मैदानावर निदर्शने झाली. आमच्या धर्मग्रामातही निषेधाच्या निवेदनावर सह्या झाल्या आणि त्यांत पहिली सही माझी होती. ती सही मी आजही मागे घेणार नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने व्यासपीठावरून कोणाच्या डोक्याची किंमत सांगावी आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, हे ज्या राज्याला ज्ञानोबा-तुकोबांचे राज्य म्हणवून घ्यायचे आहे त्याला शोभणारे नाही. इंद्रायणी आमच्या पॅरिशपासून फार दूर नाही. देहू आणि आळंदी ही तिच्या काठची दोन्ही गावे आमचे शेजार आहेत. तेव्हा हे मी शेजाऱ्याच्या हक्काने बोलतो.

परंतु आज मला श्री. पडळकरांविषयी लिहायचे नाही. त्याच महिन्यात, निवेदनाच्या कागदावरील शाई वाळते न वाळते तोच, आमच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत जे घडले त्याविषयी लिहायचे आहे.

चाकण, महाळुंगे, खालुंब्रे या भागातील कारखान्यांत झारखंड, छत्तीसगढ आणि ओडिशातून आलेली बरीच कॅथलिक मुले कंत्राटावर काम करतात. बहुतेक उराव, मुंडा आणि खडिया समाजाची. एकेका खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण राहतात, पाळीप्रमाणे झोपतात. त्यांच्यापैकी काही जण मला भेटले आणि महिन्यातून एकदा हिंदीत मिस्सा मिळेल का, अशी विनंती त्यांनी केली. सोबत एक वही होती. तीत चौतीस नावे, गावे आणि बाप्तिस्म्याची पॅरिश, असे सगळे स्वच्छ अक्षरात लिहिलेले. मी विषय कौन्सिलपुढे ठेवला. एक सभासद म्हणाले, "फादर, आज यांना मिस्सा द्या, उद्या हे भैये चर्चच ताब्यात घेतील." दुसरे म्हणाले, "दानपेटीला कुलूप बदलावे लागेल." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग "पुढच्या सभेत पाहू" असे म्हणून सणाच्या मंडपाच्या ठेक्याचा विषय घेतला.

घरी आल्यावर ती वही टेबलावर दिसली. माझ्या हसण्याचा अर्थ मला त्या वेळी कळला. बाहेरच्या सभेतील टाळ्यांवर मी निवेदन लिहिले होते. आतल्या सभेतील हशाचा मी धनी होतो.

वाचकहो, "दोन गोष्टींची तुलना कशी होईल?" असे आपण म्हणाल. एकीकडे बक्षीस लावून मारहाणीची चिथावणी, दुसरीकडे चहा पिताना केलेली थट्टा. तुलना मी करीत नाही. पण चिथावणी आकाशातून पडत नाही. जो शब्द शंभर घरांत चहाबरोबर उच्चारला जातो, तोच एखादा चतुर वक्ता उचलतो आणि व्यासपीठावर नेतो. घराघरांत तो शब्द अगोदर रुळलेला नसेल तर सभेत त्याला टाळी मिळणार नाही.

आता हा शब्द उच्चारणारे आपण कोण आहोत, हेही एकदा पाहू. पिंपरी-चिंचवड हे गाव जवळजवळ सबंधच बाहेरून आलेल्यांनी वसवलेले आहे. १९४७ च्या फाळणीत सिंध सोडून आलेल्या निर्वासितांना येथे आसरा मिळाला. पिंपरी कॅम्प हे नाव त्याचीच खूण. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. मागून टेल्को आली, बजाज आली, आणि त्या कारखान्यांबरोबर केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, गोवा येथील कॅथलिक कुटुंबे आली. १९७२ च्या दुष्काळाने नगर (आता अहिल्यानगर, पण आपल्या तोंडी अजून नगरच), जालना आणि मराठवाड्यातील इतर भागांतून आपले मराठी ख्रिस्ती बांधव डोक्यावर बोचकी घेऊन आले. आमच्या पॅरिशची बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही चाळली तर पहिल्या दहा वर्षांत या मातीत जन्मलेल्या आईबापांचे एकही नाव सापडत नाही.

यांतील प्रत्येकाने शिवी खाल्लेली आहे. १९६० मध्ये 'मार्मिक' साप्ताहिक निघाले. दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात 'वाचा आणि थंड बसा' अशा मथळ्याखाली छापल्या जात. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि पुंगीशी लुंगीचे यमक जुळवणारी घोषणा मुंबईत दुमदुमली. त्या काळातील भीती आमच्या पॅरिशमधील कित्येक तमिळ आणि मल्याळी वडीलधाऱ्यांना आजही आठवते. रस्त्यावर आपल्या भाषेत हाक मारायची नाही, हे त्यांनी मुलांना शिकवले होते. आणि नगर-मराठवाड्याकडील आपल्या बांधवांचे काय? त्यांच्या आज्या-पणज्यांना आधी जातीवरून हिणवले गेले आणि प्रभूला शरण आल्यावर 'बाटगे', 'मिशनच्या तुकड्यावर वाढलेले' म्हणून पुन्हा हिणवले गेले. मराठी ही त्यांची मायबोली. तरी त्यांच्या मराठीपणावर कोणी ना कोणी बोट ठेवीतच आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हाही एका धर्मगुरूला हे पद कसे म्हणून विरोध झालाच. इतके सोसलेल्या माणसांनी तरी तोच दगड उचलून दुसऱ्याच्या दिशेने भिरकवावा?

त्यातही अज्ञान किती! उराव मुलाला आपण 'भैया' म्हणतो, कारण तो हिंदी बोलतो. त्याची मायबोली कुडुख आहे. हिंदी त्याला शाळेने दिली, जशी ती आपल्याला दिली. कुडुख ही द्राविड कुळातील भाषा आहे. म्हणजे सभेत हसलेल्या आमच्या तमिळ सभासदाच्या मायबोलीची ती लांबची बहीण लागते. छोटा नागपूरच्या आदिवासींमध्ये फादर कॉन्स्टंट लिवेन्स या बेल्जियन येशूसंघीयाने १८८५ मध्ये कार्य सुरू केले. जमीनदारांनी हडपलेल्या जमिनींसाठी ते आदिवासींच्या बाजूने कोर्टकचेऱ्यांत उभे राहिले. त्याच समाजातून पुढे रांचीचे कार्डिनल तेलेस्फोर टोप्पो झाले. २००३ मध्ये आदिवासी समाजातील एका सुपुत्रास ख्रिस्तसभेने हा मान दिला. ज्यांना आपण दानपेटीचे चोर म्हणून हसलो त्यांचा श्रद्धेचा वारसा हा असा आहे.

या भागात शब्दांचे दगड होताना आपण पाहिलेले नाही असे नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्धच्या भाषणांनंतर मुंबई, नाशिक, पुणे येथे टॅक्सीवाले, भेळवाले, मजूर यांना मार बसला. मी तेव्हा धर्मगुरू होऊन थोडीच वर्षे झाली होती. दोन तरुणांना घेऊन पुणे स्थानकावर पाव आणि पाणी वाटायला गेलो होतो. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका माणसाच्या बगलेत भिंतीवरचे घड्याळ होते. खोली सोडताना त्याने तेही उतरवून घेतले होते; परत यायचे असेल तर माणूस घड्याळ भिंतीवर ठेवून जातो. त्याच दिवसांत नाशिकमध्ये बसवर झालेल्या दगडफेकीत ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समधील एक कर्मचारी मरण पावला. तो मराठी होता. दगडाला भाषा कळत नाही.

चार वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, पुण्यात ईशान्येकडील विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि अफवांच्या संदेशांमुळे पुणे व बंगळूर येथून हजारो जण गुवाहाटीच्या गाड्या पकडून गेले. सरकारला एका वेळी पाचांहून अधिक जणांना संदेश पाठवण्यावर बंदी घालावी लागली. १ जानेवारी २०१८ रोजी चाकणपासून फार दूर नसलेल्या कोरेगाव भीमा आणि सणसवाडी येथे जे झाले ते सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी ३० जुलैला खुद्द चाकणमध्ये बसगाड्या जळाल्या. प्रत्येक प्रकरणाची कारणे वेगळी, माणसे वेगळी, न्याय-अन्यायाची बाजू वेगळी. ती मी एका मापाने मोजत नाही. एक गोष्ट मात्र सर्वत्र दिसते. जमाव पांगतो, संचारबंदी उठते, शांतता समितीची सभा होऊन चहा-बिस्किटे होतात; पण दंगलीत वापरलेले शब्द कोणी परत घेत नाही. ते तसेच पडून राहतात, रिक्षात, शाळेच्या बाकांवर, गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत, "भैयांना खोली देणार नाही" असे फोनवरच सांगणाऱ्या घरमालकाच्या तोंडात. पुढच्या वेळी ज्याला हवे असतील त्याला ते तयारच सापडतात.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही, म्हणून त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. चाकण औद्योगिक वसाहतीसाठी निघोजे, महाळुंगे, सावरदरी, खालुंब्रे येथील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्यांची मुले शिकून घरी बसलेली आहेत. स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या देण्याचे शासनाचे धोरण जुने आहे. त्याचे पुढे काय होते ते प्रत्येक बाप जाणतो. आपल्या पॅरिशमधील आयटीआय झालेली मुलेही सहा-सात महिन्यांच्या कंत्राटावर उभी केली जातात आणि मग घरी पाठवली जातात. हा राग खरा आहे. तो राग ज्या घरात नाही असे घर मी पाहिलेले नाही.

पण रागाने बरोबर दार ठोठवावे. कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार कोणी आणला? सिमडेग्याच्या मुलाने नव्हे. त्याला गावाहून आणणाऱ्या कंत्राटदाराने, आणि त्या कंत्राटदाराला ठेका देणाऱ्या व्यवस्थापनाने. तो मुलगा बारा तास काम करून जे घेतो त्यातूनही प्रवासाचे, खोलीचे, कधी नोकरी लावल्याचे पैसे कापले जातात. आपला मुलगा आणि तो मुलगा एकाच माणसाच्या वहीत कमी मजुरीच्या रकान्यात आहेत. हे दोघे एकमेकांना शिव्या देत राहिले तर त्या वहीकडे कोणी पाहणार नाही. आणि वहीवाल्याला याहून जास्त काय हवे? ऐंशी टक्क्यांची मागणी करायची तर ती कारखान्याच्या फाटकावर करा, आमदाराच्या दारात करा, मंत्रालयात करा. मी तुमच्याबरोबर येईन.

भाषेचेही तेच. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासननिर्णय आला आणि त्याला महाराष्ट्राने विरोध केला. जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. तो विरोध योग्य होता असे माझे मत आहे. लहान मुलांवर तिसऱ्या भाषेचे ओझे कशाला? पण शासनाविरुद्ध मोर्चा काढणे वेगळे आणि मीरा रोडवर एका दुकानदाराच्या थोबाडीत मारणे वेगळे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. चपराक मारून शिकवलेली भाषा कोणाच्या ओठांवर गोड लागेल? आणि आम्हा ख्रिस्ती लोकांनी तर याबाबत फार जपून बोलावे. १५७९ मध्ये एक इंग्रज माणूस गोव्यात उतरला. येथील भाषेचे एक अक्षर त्याला येत नव्हते. कोणीतरी त्याला ती प्रेमाने शिकवली असणार. कारण १६१६ मध्ये त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले आणि मराठी साहित्याच्या इतिहासाला फादर स्टीफन्स यांचे नाव आजवर टाळता आलेले नाही. समुद्रापलीकडून आलेला तो परकाच होता.

आता जरा दूरच्या एका देशाकडे वळतो. रवांडा हा आफ्रिकेतील लहानसा देश. १९९० च्या सुमारास निम्म्याहून अधिक लोक कॅथलिक होते. रविवारी चर्च तुडुंब. तेथे हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच वेदीपुढे गुडघे टेकीत. डिसेंबर १९९० मध्ये 'कांगुरा' नावाच्या नियतकालिकाने हुतूंसाठी 'दहा आज्ञा' छापल्या: तुत्सी स्त्रीशी लग्न करू नका, तुत्सीशी व्यवहार करू नका, त्याच्यावर दया करू नका. देवाच्या दहा आज्ञा पाठ असलेल्या समाजाला हा साचा किती ओळखीचा वाटला असेल! १९९३ मध्ये आरटीएलएम हे रेडिओ केंद्र सुरू झाले. उत्तम गाणी, खुसखुशीत विनोद आणि मधूनमधून तुत्सींसाठी एक शब्द: झुरळे. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाली. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. न्यांगे गावातील चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या दीड हजारांहून अधिक लोकांवर बुलडोझरने चर्चच पाडण्यात आले. तेथील धर्मगुरू आतानाझ सेरोंबा यांना या कृत्यातील सहभागाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००६ मध्ये दोषी ठरवले आणि अपिलात २००८ मध्ये जन्मठेप दिली. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमायाचना केली.

पिंपरी म्हणजे रवांडा नव्हे. असे म्हणणे बाष्कळपणा ठरेल. परंतु त्या धर्मगुरूविषयी वाचताना माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. १९९४ च्या त्या दिवसाच्या अगोदर, १९९१ मध्ये, १९९२ मध्ये, त्या देशातील पॅरिशच्या सभांमध्ये कोणी झुरळांचा विनोद केला असेल, तेव्हा त्या त्या ठिकाणचा धर्मगुरू काय करीत होता? मला वाटते, तो हसला असेल आणि त्याने पुढचा विषय घेतला असेल.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू खून करू नको या आज्ञेचा अर्थ सांगू लागतो आणि लगेच शिवीवर येतो. भावाला मूर्ख, हलका म्हणणाऱ्यालाही तो खुन्याच्याच न्यायासनापुढे उभा करतो. सेमिनरीत हा उतारा शिकताना मला तो अतिशयोक्त वाटला होता. आज वाटत नाही. आणि तेथे प्रभूने वापरलेला शब्द 'भाऊ' आहे, म्हणजे हिंदीत भैया. उत्तरेकडे आई ज्या शब्दाने थोरल्या मुलाला हाक मारते तोच शब्द आपण तोंड वाकडे करून शिवी म्हणून वापरतो.

पंचवीसहून अधिक वर्षे मी पापनिवेदन ऐकत आलो आहे. कोणाचे पाप मी सांगत नाही, सांगू शकत नाही. न सांगितल्या गेलेल्या पापाविषयी मात्र बोलायला हरकत नसावी. खोटे बोललो, नवऱ्याशी भांडले, मिस्सा चुकवली, रागावलो, हे सारे लोक सांगतात. अमुक जातीच्या, अमुक प्रांताच्या माणसाला हिणवले, अफवेचा संदेश पुढे पाठवला, हे पाप म्हणून कोणालाच आठवत नाही. दोष त्यांचा नाही. आम्ही धर्मगुरूंनी व्यासपीठावरून ते पाप म्हणून कधी उच्चारलेच नाही.

कायद्याला ते ठाऊक आहे. जुन्या दंड संहितेचे १५३ अ हे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे १९६ वे कलम, धर्माबरोबरच वंश, जन्मस्थान, निवास आणि भाषा यांवरून वैर पसरवण्यालाही गुन्हा मानते. २८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवावा. ख्रिस्ती म्हणून आपण ज्या कलमाचा आधार मागतो त्याच कलमाच्या त्याच ओळीत चाकणच्या खोलीत झोपलेला तो मुलगाही उभा आहे. अर्धे कलम आपले आणि अर्धे दुसऱ्याचे, अशी वाटणी कोणत्या तोंडाने मागायची?

पुढच्या सभेत मी मंडपाचा विषय मागे ठेवला. आधी माझ्या हसण्याबद्दल क्षमा मागितली आणि मग सांगितले की महिन्याच्या चौथ्या रविवारी दुपारी चार वाजता हिंदीत मिस्सा होईल. दोघे उठून गेले. ज्यांनी कुलपाचा विनोद केला होता ते बसून राहिले, काही बोलले नाहीत. पहिल्या मिस्सेला एकोणीस जण आले. काही रात्रपाळी करून, तशाच गणवेशात. नंतर त्यांनी न सांगता बाक पुसले आणि खुर्च्या लावून ठेवल्या. दानपेटीला कुलूप तेच आहे.

दरम्यान काही श्रद्धावंतांनी माझ्याविरुद्ध बिशप महोदयांकडे तक्रार केली आहे. तिची प्रत मला सभ्यपणे पाठवण्यात आली, त्याबद्दल मी आभारी आहे. पत्र उत्तम मराठीत आहे. त्यात 'भैया' हा शब्द कोठेही नाही. त्या जागी 'बाहेरील घटक' असे लिहिलेले आहे.